सही करता न येणारा ऑडिटर

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत दहावीचा निकाल लागला की माझा भाव वधारतो. एरवी पाण्याच्या टाकीवरून माझ्याशी हुज्जत घालणारी माणसं पेढे घेऊन येतात, सोफ्याच्या कडेला बसतात आणि विचारतात, "काका, मुलीला कॉमर्सला घालावं म्हणतोय. सी.ए.ला अजून स्कोप आहे ना हो? की सगळं आता एआयच करणार?"

मी पेढा तोंडात टाकतो आणि सांगतो, की स्कोप भरपूर आहे. आम्ही लागलो तेव्हा कॅल्क्युलेटर आमच्या पोटावर पाय देणार होता, नंतर कॉम्प्युटर देणार होता, आता हे नवीन आलंय. मग पुढचा प्रश्न येतो, "साधारण किती वर्षांत सी.ए. होतो?"

"हुशार असेल तर पाचसहा. मला एकोणीस लागली."

यावर पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण लागतं. मुलीला बहुतेक इंजिनिअरिंगला घालतात.

एकोणीस वर्षांतली अठरा मी ऑडिटच करत होतो, हे मात्र त्यांना सांगायचं राहून जातं. म्हणून इथे लिहितो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अकाउंटंट हिशेब लिहितो. ऑडिटर तो हिशेब खरा आहे का ते बघतो आणि खाली सही करतो. बघण्याचं काम कोणीही शिकलेला माणूस करू शकतो. सही फक्त सी.ए. करू शकतो. सी.ए. व्हायचं तर एक सुरुवातीची परीक्षा, एक मधली, एक शेवटची, आणि दरम्यान काही वर्षं कुठल्यातरी सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी. तिला आर्टिकलशिप म्हणतात. आमच्या वेळी ती तीन वर्षांची होती, आता म्हणे कमी केलीय. उमेदवारीत मिळणारे पैसे बसचा पास आणि वडापाव यांत संपत. परीक्षेत प्रत्येक पेपरला शंभरात चाळीस हवेत आणि सगळे मिळून पन्नास टक्के. ऐकायला सोपं वाटतं. आम्हालाही वाटलं होतं.

मी वर्धा जिल्ह्यातला. बी.कॉम. झालो, एक ट्रंक घेतली आणि पुण्यात टिळक रोडच्या बोळातल्या रिसबूड साहेबांच्या ऑफिसात उमेदवारीला लागलो. पहिल्या दिवशी साडेदहाच्या ऑफिसला दहा पस्तीसला पोचलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कुठून आलात आपण?"

"वर्ध्याहून, सर."

"मग पाच मिनिटं उशीर म्हणजे फार नाही. बसा."

हा माणूस वर्षभरात चार वाक्यं बोलत असे, त्यातली तीन अशी. पण काम त्यांनी शिकवलं ते हाताला धरून. आमच्या ऑफिसची एक रीत होती. तपासलेल्या प्रत्येक नोंदीवर हिरव्या पेन्सिलीने टिक करायची, आणि प्रत्येक उमेदवाराची टिक वेगळी. कोणाची गोल, कोणाची दुहेरी, माझी शेपटीवाली. वीस वर्षांनीसुद्धा वही उघडून सांगता यावं, की हे कोणी पाहिलं होतं. दुसरी रीत म्हणजे तारीख. कुठल्याही कागदावर सही केली की खाली तारीख. साहेब म्हणत, "तारीख नसेल तर ती सही नव्हे, नक्षी आहे." पुढे उमेदवारांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की पोरं माझ्या पाठीमागे माझाच आवाज काढून ते म्हणत.

मधली परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो. शेवटच्या परीक्षेचे दोन गट असतात, त्यातला एक सुटलाही. दुसऱ्यात अडकलो. आणि अडकलो तो कुठल्या विषयात, तर ऑडिटिंगमध्ये! बाकी पेपरांत पन्नास, पंचावन्न, साठ, ऑडिटिंगला चौतीस. पुन्हा बसलो, छत्तीस. पुन्हा बसलो, एकतीस. दिवसभर मी ऑडिट करत होतो, दहा पोरांना ऑडिट शिकवत होतो, त्यातली एकेक करून पास होऊन स्वतःच्या पाट्या लावत होती आणि मी तिथेच. माझ्या हातून शिकून गेलेला एक मुलगा परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर लागला, तो पेढे द्यायला आला तेव्हा मी मनापासून हसलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. वाईट वाटायचं. आज कबूल करायला हरकत नाही.

साहेबांनी एकदाच विषय काढला. "डाखोरे, तुम्ही ऑडिटमध्ये नापास होता हे क्लायंटना सांगू नका. मीही सांगत नाही." सात वेळा बसून मी नाद सोडला. ऑफिसातच पगारावर राहिलो. सगळं काम मी करायचो, अहवाल मी लिहायचो आणि शेवटच्या पानावर साहेबांना बोट ठेवून दाखवायचो, "इथे, सर."

मग नव्वद साल उलटलं आणि सगळं पालटायला लागलं. आमच्या भोसरीच्या एका कारखानदाराला जर्मन भागीदार मिळाला आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या रातोरात पुठ्ठ्याच्या बांधणीतून कॉम्प्युटरवर गेल्या. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये चार मुलांनी सॉफ्टवेअरची कंपनी काढली, तिचं ऑडिट आमच्याकडे आलं. मी हिरवी पेन्सिल घेऊन गेलो आणि म्हटलं, "पावत्यांची कपाटं दाखवा." त्यांनी माझ्या हातात एक फ्लॉपी ठेवली. चौकोनी, काळी, तळहाताएवढी.

"हे काय?"

"वर्ष, सर. सगळं यात आहे."

मी दिवसभर त्यांच्या शेजारी बसून पडद्यावर आकडे पाहिले. संध्याकाळी निघताना मनाला काही चैन पडेना. अख्ख्या दिवसात एकही टिक केलेली नव्हती. शेवटी फ्लॉपीच्या लेबलवर हिरव्या पेन्सिलीने शेपटीवाली टिक केली, तारीख घातली आणि मग बाहेर पडलो. ती मुलं फ्लॉपी बराच काळ जपून होती असं कळलं. मला वाटलं आदराने. तर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसायला.

याच सुमारास संघमित्रा गायकवाड आमच्याकडे उमेदवारीला आली. येरवड्याची. वडील पोस्टात हिशेब विभागात होते. पहिल्या दिवशी ते तिला सोडायला आले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. साहेब आत होते म्हणून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "डाखोरे साहेब, माझे आजोबा अंगठा उठवायचे. वडील सही शिकले, ती पण रात्रशाळेत. माझी सही पोस्टाच्या कागदावर चालते. आता ही दुसऱ्यांच्या हिशेबावर सही करील, एवढंच बघायचंय."

मी "करील की" म्हटलं आणि खाली बघून कागद नीट लावत बसलो. सहीबद्दल माझ्याशी कोणी बोललं की मला असाच कागद नीट लावायचा उद्योग सुचायचा.

पोरगी तल्लख होती. पुस्तक तोंडपाठ, नियमांचे नंबरसुद्धा. पण पुस्तकाबाहेर काय असतं हे तिला पुण्याबाहेरच्या मांजरी गावातल्या एका गोदामात कळलं. तिथे आमचा एक क्लायंट होता, पशुखाद्याचा घाऊक व्यापारी. वर्ष संपलं की गोदामातला माल प्रत्यक्ष मोजायचा असतो. पोती एकेक करून कोणी मोजत नाही. थप्पी लावलेली असते. लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती थर ते बघायचं आणि गुणाकार करायचा. संघमित्राने केला. लांबीला बारा, रुंदीला नऊ, दहा थर. एक हजार ऐंशी. वहीत होती नऊशे साठ.

एकशे वीस पोती जास्त! कमी भरली तर चोरी, जास्त भरली तर बिनपावतीची खरेदी. तिने तिथेच कडक भाषेत शेरा लिहायला घेतला. मालकाला फोन गेला. तो मार्केट यार्डातून स्कूटर दामटत आला, तोवर घामाघूम. "अहो मॅडम, मी असलं काही करत नाही हो! इन्कमटॅक्सवाले सोलतील मला!" त्याचा चेहरा पाहून माझी खात्री झाली की याला खरंच काही माहीत नाही. आणि संघमित्राचा गुणाकारही बरोबर होता. मी पुन्हा करून पाहिला.

मी थप्पीभोवती एक चक्कर मारली. तिसऱ्या बाजूला भिंत होती, तिथे बोळकांडीएवढीच जागा आणि एक लाकडी शिडी. आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डातून एक वायर निघून सरळ पोत्यांच्या वर गेली होती. मी म्हटलं, पोत्यांना कशाला लागतेय वीज? बूट काढले आणि शिडीने वर चढलो.

थप्पी मधून पोकळ होती. आत खाली एक खाट, खाटेवर सतरंजी, उशाशी ट्रान्झिस्टर, पायाशी टेबलफॅन, भिंतीच्या जागी असलेल्या पोत्यावर देवाचं कॅलेंडर. आणि खाटेवर गोदामाचे रखवालदार ज्ञानोबामामा भर दुपारी गाढ झोपलेले.

"अहो मामा!"

मामांनी एक डोळा उघडला. "कोन हाय?"

"ऑडिट."

"मंग खाली या की. वर पत्रा तापतोय." ते उठून बसले. मालकाचा आवाज ऐकून जरा ओशाळले. "आता काय सांगायचं सायेब. उनाचं हितं लई गार असतंय. हमालान्ला म्हनलं, खाटंभोवतीनंच रचा. येकबी पोतं इकडचं तिकडं केलेलं न्हाय, मोजून घ्या."

खाटेच्या जागेत एका थराला बारा पोती बसली असती. दहा थर. एकशे वीस. मालक हसावं की मामांना हाकलावं या पेचात पडला आणि शेवटी त्याने आम्हा सगळ्यांना उसाचा रस पाजला. मामांनासुद्धा. संघमित्राने शेरा फाडला. परतताना बसमध्ये तिने तिकिटाच्या मागे वजाबाकी पुन्हा करून पाहिली. मग म्हणाली, "सर, हे कुठल्याच पुस्तकात नाहीये."

"नाहीच. म्हणून तर आपल्याला पैसे देतात."

तीन वर्षांनी ती पास झाली, पहिल्याच प्रयत्नात. पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली आणि तिथेच टेबलाशी बसून म्हणाली, "सर, तुमच्या जुन्या आन्सर्स मला दाखवा."

"कसल्या?"

"ऑडिटिंगच्या. तुम्ही घरी प्रॅक्टिस केलेल्या असतील ना? तुम्ही फेल का होता हे मला कळतच नाही. इट जस्ट डझन्ट मेक सेन्स."

मी टाळलं. तिने महिनाभर पिच्छा पुरवला. शेवटी एक वही आणून दिली. तिने ती जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि वाचताना चक्क हसायला लागली. मला राग आला.

"सॉरी सर. पण हे बघा ना. प्रश्न आहे, रोख शिलकेची पडताळणी कशी कराल. तुम्ही लिहिलंय, 'कॅशियरला न सांगता सकाळी जावे. तो चहा मागवू लागला तर नको म्हणावे. आधी मोजावे, मग चहा प्यावा.' सर, हे आन्सर नाहीये, ही स्टोरी आहे!"

"पण खरं आहे की."

"हंड्रेड परसेंट खरं आहे. म्हणूनच मार्क नाहीत. तपासणाऱ्याच्या हातात यादी असते, सर. आठ पॉइंट्स. तुमचे आठच्या आठ यात आहेत, पण त्याला शोधावे लागतात. तो कशाला शोधेल?"

एवढ्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी जे करत होतो तेच लिहीत होतो. परीक्षकाला, मी पुस्तक वाचलंय का, एवढंच बघायचं होतं. मी चाळिशीला टेकलो होतो आणि तेवीस वर्षांची पोरगी मला उत्तर कसं लिहावं ते शिकवत होती. तिने स्वतःच्या पैशाने परीक्षेचा फॉर्म आणला, मीच भरत नाही म्हटल्यावर माझ्या अक्षरासारखं अक्षर काढून अर्धा भरलासुद्धा. मी तिला म्हटलं, "सही मात्र मी करीन." ती म्हणाली, "आणि तारीख."

घरी मुलगा दहावीला होता. जेवणाचं टेबल एकच. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. आमची ही वर्ध्याचीच, पुण्यात इतकी वर्षं राहूनही बोली सोडली नाही. तिने दोघांपुढे दुधाचे पेले ठेवले आणि म्हणाली, "काऊन जी, पोरगा पास झाला अन् बाप नाही झाला, तं मी शेजारी काय सांगू?"

"सांगशील, बाप खरं लिहीत होता."

"खरं लिहून एवढी वर्षं काय भेटलं? ती पोरगी सांगते तसं लिहा."

संघमित्रा दर रविवारी सकाळी येरवड्याहून यायची. मी उत्तर लिहायचो, ती लाल पेनाने गोष्टी कापायची आणि एक, दोन, तीन असे आकडे घालायची. मी चिडायचो. "अगं, वायर दिसली नसती तर?" ती म्हणायची, "सर, वायरला मार्क नाहीत." दोन-तीन रविवारी आमचं खरोखर भांडण झालं. पण हळूहळू हात वळला.

पेपरच्या दिवशी प्रश्न आला, आणि मला हसू आवरेना. एका व्यापाऱ्याच्या गोदामातल्या मालाच्या साठ्याची पडताळणी ऑडिटर या नात्याने तुम्ही कशी कराल?

मी शहाण्यासारखं लिहिलं. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, असे आठ. एकही गोष्ट नाही, चहा नाही, रखवालदार नाही. सगळा पेपर असाच लिहिला. शेवटची दहा मिनिटं उरली. मी उत्तरं पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं आणि त्यात मी कुठेच नव्हतो. मग मला राहवलं नाही. त्या उत्तराखाली नववा मुद्दा घातला: थप्पीवर चढून आत डोकवावे. आत खाट असू शकते.

बाहेर संघमित्रा वडापाव घेऊन उभी होती. तिला आठ मुद्दे सांगितले. नवव्याबद्दल बोललो नाही.

निकालाच्या दिवशी मी यादी बघायला गेलो नाही. सात वेळा त्या बोर्डासमोर उभा राहिलेला माणूस आठव्यांदा जात नाही. ऑफिसात मान खाली घालून एका सहकारी संस्थेचा ताळेबंद तपासत बसलो. दुपारी साहेबांच्या केबिनमधला फोन वाजला. थोड्या वेळाने साहेब दारात आले.

"डाखोरे, चहा सांगा सगळ्यांना."

"हो, सर."

"पैसे तुम्ही द्यायचे. गायकवाडबाईंचा फोन होता."

ते परत आत गेले आणि दार लावून घेतलं. मी उठलो नाही. पोरं टेबलाभोवती जमली, कोणीतरी माझी पाठ थोपटत होतं, आणि मी हिरवी पेन्सिल हातात धरून त्या ताळेबंदाच्या एकाच आकड्यावर टिक करत होतो. एकदा, दोनदा, तीनदा. ते पान आजही माझ्याकडे आहे.

मार्कांचं पत्रक नंतर पोस्टाने आलं. ऑडिटिंग, चाळीस. काठावर, बरोबर चाळीस! संघमित्राने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तेव्हा मी तिला नवव्या मुद्द्याचं सांगितलं. ती किंचाळलीच, "सर! तुम्ही ते लिहिलंत?" त्या मुद्द्याला एक मार्क मिळाला म्हणून मी चाळीसवर आलो, की दोन कापले म्हणून बेचाळीसचा चाळीस झालो, हे कोणालाही सांगता येणार नाही. तिचं मत दुसरं आहे. माझं पहिलं.

साहेबांच्या पाटीवर आडनावापुढे 'आणि कंपनी' असं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं त्यात कंपनी कोणीच नव्हतं. सगळे कागद होऊन माझा मेंबरशिप नंबर आला तसं त्यांनी मला भागीदार करून घेतलं. पाटी काही बदलली नाही. "आता ती खरी झाली, एवढंच," म्हणाले.

पहिली सही कशावर करायची हे त्यांनीच ठरवलं होतं. मांजरीच्या पशुखाद्याच्या व्यापाऱ्याचा अहवाल. माल मोजायला एक नवा उमेदवार जाऊन आला होता, पण मी पुन्हा स्वतः गेलो आणि शिडी लावून वर चढलो. थप्पी भरीव होती. ज्ञानोबामामा खालून ओरडले, "खाट आता हापिसात हाय, सायेब! मालकानं पंखाबी दिलाय!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले. संघमित्रा तिच्या नव्या नोकरीतून अर्धी रजा टाकून आली होती. बरोबर तिचे वडील, तोच इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी त्यातलं एक काढून माझ्यापुढे धरलं. साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान उघडलं आणि मी आयुष्यभर त्यांना दाखवत आलो तसं बोट ठेवून म्हणाले, "इथे, सर."

'सर' म्हणाले. मला समोरचं नीट दिसेना. मी सही केली. दिवाकर डाखोरे, पूर्ण नाव, खाली नंबर. पेन ठेवलं आणि वर पाहिलं. संघमित्राचे वडील डोळे पुसत होते. साहेब मात्र कागदाकडेच बघत होते.

"डाखोरे," ते म्हणाले, "तारीख राहिली."